तपासून घे

दिराने खाली गाडी चालूच ठेवली होती. नवरा दाराशी, जोडे न काढता उभा होता, आणि आतल्या खोलीत ती त्याच्यासाठी डिस्क बर्न करत होती. तो कायमचा दुसऱ्या गावी चालला होता. भांडीकुंडी, पुस्तकं, काहीच नको म्हणाला. फक्त भिंगरीचे व्हिडिओ हवे होते, असतील नसतील तेवढे. पेन ड्राइव्हही नको. आजवरचे सगळे त्याने पँटच्या खिशात विसरून कपड्यांबरोबर धुऊन टाकले होते.

भिंगरी म्हणजे त्यांची मुलगी. गेल्या थंडीत तापाचं निमित्त झालं आणि हातची गेली.

बर्न झाल्यावर पडताळणी करायची का, असं कॉम्प्युटरने विचारलं तेव्हा तिने ‘नाही’वर बोट ठेवलं होतं. प्रयोगशाळेत पाण्याचा एकच नमुना दोनदा लावणारी, घरी लावलेलं कुलूप पुन्हा ओढून बघणारी ही बाई. नवरा तिला ‘तपासनीस बाई’ म्हणून चिडवायचा. पण पडताळणीला बर्न करण्याइतकाच वेळ लागतो, आणि तेवढा वेळ त्याला या घरात बघायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

“झाली,” तिने डिस्क पुढे केली. “घेऊन जा.”

“तपासलीस?”

“नाही.”

“तू? न तपासता? सूर्य कुठे उगवलाय बघू दे.” तो हसला, पण हसू टिकलं नाही. “तपासून घे ना.”

“आता सुचतंय तुला!”

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. त्याने वाकून जोडे काढले, आत आला आणि लेकीच्या बुटक्या स्टुलावर गुडघे पोटाशी घेऊन बसला.

तिने डिस्क परत आत सारली. कॉम्प्युटर एकेक फाइल मुळाशी ताडून बघू लागला. पडद्यावर नावं सरकत होती. दात पडला. सायकल, आधाराशिवाय. बाबाला वेण्या.

“पाच वेण्या घातल्या होत्या कार्टीने,” तो म्हणाला. “आणि मी तसाच दूध आणायला गेलो.”

“दूधवाला ‘या ताई’ म्हणाला होता.”

दोघंही हसली. हसता हसता त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. खाली हॉर्न वाजला. कोणीच उठलं नाही.

“त्या दुपारी तू म्हणत होतीस, परत एकदा ताप बघू या,” तो भिंतीलाच सांगितल्यासारखं बोलला. “मी म्हटलं, आत्ता कुठे डोळा लागलाय, उठवू नकोस. ऐकलं असतं तुझं, तर काही फरक पडला असता का गं?”

एवढंच विचारायला तो जोडे काढून बसला होता, हे तिला कळलं. ‘नसता पडला’ म्हटलं की झालं. त्याच्या छातीवरची धोंड उतरली असती. पण तिने डॉक्टरांना विचारलं होतं, आणि ‘सांगता येत नाही’ असं ते म्हणाले होते. खात्री नसलेली गोष्ट तिने जन्मात कधी कोणाला लिहून दिली नव्हती.

“माहीत नाही,” ती म्हणाली.

त्याने मान हलवली.

पडद्यावर उमटलं: सर्व फायली जुळल्या. तिने डिस्क पाकिटात घालून त्याच्या हातात दिली. त्याने जोडे घातले, नाड्या न बांधताच. “काळजी घे,” म्हणाला आणि जिना उतरला.

ती स्टुलाजवळ उभी राहिली.

“नसता पडला,” तिने मोठ्याने म्हणून पाहिलं. शब्द कुठेही अडला नाही. खाली गाडीचं दार लागलं. ती अनवाणी धावली, जिन्याच्या वळणावर कठड्यावर आपटली, रस्त्यावर आली तेव्हा गाडी कोपऱ्यावरून वळत होती.