सांबाराची जुडी

पुस्तकात चूक दिसली की मी गप बसत नाही. नवऱ्याची चूक एखाद्या वेळी सोडून देते, कारण त्याच्यासंगं रोज राहायचं असते. लेखकासंगं कुठं राहायचं आहे मले?

मी जमुना. अमरावतीच्या इतवाऱ्यात भाजी विकते. आमचा मळा बडनेऱ्याच्या वाटेवर. आमचे मालक खुशालराव पहाटेच भाजी काढून बैलबंडीनं आणून टाकतात अन् मी गोणपाट अंथरून बसते. मी चौथीपर्यंत शिकली. आमच्या ओळीत वाचता येणारी मी एकटीच, म्हणून दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की तानुबाई, पार्बताबाई अन् शकुन आपापली गोणपाटं माझ्याजवळ ओढतात अन् मी कादंबरी काढते. हातानं पालक निवडायची, कानानं ऐकायचं, अन् पटलं नाही तर तठीच बोलायचं. तानुबाई तर नायकाशीच भांडते. "पत्र कायले लिहून राहिला रे? जाय ना घरी, विचार तिच्या बापाले!"

पुस्तकं आणते मी वाचनालयातून. तिथले ग्रंथपाल वामनराव फार सज्जन माणूस. त्यांनी प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कोरा कागद चिकटवून ठेवला होता. पुस्तक वाचलं की त्यावर आपला अभिप्राय लिहायचा, खाली सही करायची. अन् नियम असा, की लिहिलेलं फाडायचा हक्क ज्यानं लिहिलं त्यालेच. वाचनालयाच्या अध्यक्षालेही नाही. बाकी लोकं काय लिहीत? "उत्तम." "वाचनीय." "भाषा गोड." अरे बापा, भाषा काय बासुंदी आहे? मी मात्र आमची चौघींची मतं गोळा करून चांगलं पानभर लिहीत होती.

त्या वर्षी पुण्याचे तांबटकर यांची नवी कादंबरी आली, 'वनराईतली वेणू'. नायिका वऱ्हाडची, त्यातून माळ्याची पोरगी! आमच्या आनंदाले काय विचारता. प्रस्तावनेत लेखकानं लिहिलं होतं की आपण मध्यप्रांत-वऱ्हाड हिंडलो, अमरावतीत आठ दिवस मुक्काम केला अन् सगळं स्वतःच्या डोळ्यानं पाहिलं, स्वतःच्या कानानं ऐकलं.

मी वाचायले लागली. "वेणू ताज्या सांबराने भरलेली टोपली डोक्यावर घेऊन बाजाराकडे निघाली." पुस्तकात 'सांबर' छापलं होतं. मले वाटलं, छापखान्यात एक काना गळला. मी आपला तो काना घालून 'सांबार' वाचलं. आमच्या वऱ्हाडात कोथिंबिरीले सांबारच म्हणतात. माळ्याची पोरगी सांबार विकून राहिली, त्यात वावगं काय?

"सांबराचा उग्र गंध तिच्या पदराला येत होता." पार्बताबाई म्हणे, "गावरान असन. गावरानालेच वास असते." मी पुढं वाचलं. "टोपलीतून रक्ताचे थेंब तिच्या गोऱ्या कपाळावर ओघळले."

तानुबाईच्या हातातली पालकाची काडी हातातच राहिली.

"सांबाराले रक्त कुठून आलं वं?" पार्बताबाईनं विचारलं.

मी मागं गेली, पुन्हा वाचलं, अन् माझ्या डोक्यात लखकन उजेड पडला. काना गळला नव्हता! त्या बाप्पानं आमच्या बाजारात "घ्या सांबार, घ्या सांबार" ऐकलं, अन् त्याले वाटलं की मेळघाटचं जंगल जवळ आहे तर ह्या बाया हरणाचं मटण विकून राहिल्या! माझ्या सासऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडं शिजत नाही, अन् ह्यानं माळ्याच्या पोरीच्या डोक्यावर सांबर कापून ठेवलं! शकुन हसून हसून लोळली. मले हसू आलं नाही. मले संताप आला.

कादंबरी आमी पूर्ण वाचली. मग मी त्या कागदावर लिहिलं: "लेखक आठ दिवस अमरावतीत राहिले, पण त्यांनी एक दिवसही भाजी घेतली नाही. सांबार म्हणजे कोथिंबीर. लेखकांनी वेणूच्या डोक्यावर हरीण दिले. ज्याले कोथिंबीर कळत नाही, त्याने माळ्याच्या पोरीचे मन कळते असे सांगू नये. जमुना खुशालराव व इतवाऱ्यातील तीन वाचक."

झालं. महिन्याभरानं कळलं की वाचनालयाच्या वार्षिक समारंभाले पाहुणे म्हणून तांबटकरच येऊन राहिले. अध्यक्ष शेषराव वकील स्वतः माझ्या गोणपाटापुढं येऊन उभे राहिले. आजवर त्यांनी माझ्याकडून एक मिरची घेतली नव्हती.

"बाई, ते पान फाडा."

"काहून? खोटं लिहिलं का मी?"

"पाहुण्याचा अपमान होईल. रविवारपर्यंत फाडलं नाही, तर तुमचं नाव सभासदांतून कमी करीन."

नाव कमी झालं म्हणजे पुस्तक बंद, अन् पुस्तक बंद म्हणजे आमची दुपार बंद. ह्या तिघींच्या तोंडाकडं मी कशी पाहू? पण तानुबाईच बोलली. "फाडू नको वं जमुना. खरं फाडून मिळालेलं पुस्तक मले ऐकायचं नाही." मग मलेही जोर आला. मी वकिलाले म्हटलं, "नाव तुमच्या वहीतलं, ते तुमी खोडा. पान माझं आहे."

रविवारी दुपारी आमी चौघी समारंभाले गेलो अन् बायकांच्या बाजूले बसलो. माझ्या पदराखाली सांबाराची ताजी जुडी होती. शेषरावांनी अर्धा तास भाषण ठोकलं. मग वामनरावांनी सहीसाठी 'वेणू' पाहुण्यापुढं ठेवली. वकिलानं पटकन पहिलं पान उघडून दिलं. पण लेखकच तो! सही केली अन् सरळ शेवटचं पान उलटलं. वाचता वाचता त्याचे कान लाल झाले.

"या जमुनाबाई कोण?"

मी उठली. "मी जी."

"बाई, मी स्वतः ऐकलं आहे. तुमच्या बाजारात बायका सांबर विकत होत्या."

मी चालत गेली अन् ती जुडी त्याच्या टेबलावर ठेवली. "हे पाहा आमचं सांबार. कुठून रक्त निघते, दाखवा."

त्यानं जुडी उचलली, नाकाशी नेली. "अहो, ही तर कोथिंबीर!" सारा हॉल हसला. वकिलानं डोक्याले हात लावला. मले वाटलं, जिंकलो आपण.

पण लेखक हसला नाही, चिडलाही नाही. जुडी हातात धरूनच त्यानं विचारलं, "चूक माझी. पुढच्या आवृत्तीत सुधारतो. पण जमुनाबाई, हरीण सोडलं तर बाकी कादंबरी कशी वाटली?"

मागून तानुबाई ओरडली, "रडली ती! वेणूची माय मरते ना, तठी तिच्यानं वाचवेना. आमी सगळ्याच रडलो. दोन गिऱ्हाईकं तशीच वापस गेली!"

"मग ते इथं कुठं लिहिलं आहे?" त्यानं पान माझ्यापुढं केलं. आवाजात राग नव्हता, दुखलं होतं त्याले.

मी पान पाहिलं. अख्ख्या पानात कोथिंबीर अन् हरीण, वेणूची माय कुठंच नाही. खरं बोलतो म्हणून मी एवढी मिरवली, अन् अर्धं खरं गिळून बसली होती. सांगते तुमाले, वकिलाच्या धमकीनं लागलं नव्हतं तेवढं मनाले ते लागलं. तेवढ्यात शकुननं मागून ओरडून ती नाव कमी करायची धमकीही लेखकाले सांगून टाकली.

"हे पान कोणी फाडू नका," लेखक शेषरावांकडं पाहत म्हणाला. "यांचं नाव कमी केलं, तर मले खरं कोण सांगेल?" हो, पुण्याचा माणूस 'मले' म्हणाला! पुन्हा सारा हॉल हसला, अन् ह्या वेळी तोही. शेषराव घाईनं म्हणाले, "छे छे, नाव कोण कमी करतो?" वामनरावांनी दौत अन् टाक माझ्यापुढं सरकवला.

मी तिथंच उभ्यानं, जुन्या मजकुराखाली लिहिलं: "वेणूची माय जाते तिथे आम्ही चौघी रडलो. ते मी आधी लिहिले नाही, ही माझी चूक. लेखकाले माळ्याच्या पोरीचे मन कळते. कोथिंबीर कळत नाही."