चिमटीच्या बाबांवर जळणारा शब्दकोश

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. मित्रांनो, जुना म्हटले म्हणून लगेच चेहरा पाडू नका. माझी पाठ अजून ताठ आहे आणि पोटात इतके शब्द आहेत की तुम्ही जन्मभर बडबड केलीत तरी निम्मे उरतील. माझे दुखणे वेगळेच आहे. मला एका माणसाचा हेवा वाटतो. तो माणूस चष्मे विकतो, त्याला इंग्रजी स्पेलिंग धड येत नाही, आणि तरीही आमच्या घरात शब्दाचा अर्थ आधी त्यालाच विचारतात.

माझा जन्म छापखान्यात झाला. जन्मतःच मी अधू होतो, हे सांगायला मला आवडत नाही. पण सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. पाने शिवणारा माणूस गप्पांत रंगला होता आणि सोळा पानांचा एक गठ्ठा माझ्यात घालायचाच राहिला. त्यामुळे ‘नी’ म्हणजे गुडघा इथपासून ‘लीफ’ म्हणजे पान इथपर्यंतचे सगळे शब्द माझ्यात नाहीत. त्यात ज्ञान गेले, भाषा गेली, हसणेही गेले. पाने हरवली ती हरवली, वर ‘पान’ हा शब्दही घेऊन गेली.

चिमटीच्या आईला मी शाळेत बक्षीस मिळालो. बक्षिसाची पाने कोण मोजतो? ती हात धुतल्याशिवाय मला शिवत नसे. मला खाकी कागदाचे कव्हर घाली, मैत्रिणींपुढे माझी तारीफ करी. तिच्या लग्नानंतर तिच्या ट्रंकेतून मीही या घरी आलो. पहिल्याच आठवड्यात तिने ‘सून’ हा शब्द माझ्यात काढला. मी मोठ्या तोऱ्यात सांगितले, ‘लवकर’. शेजारी चष्म्याची काडी बसवत असलेले तिचे यजमान म्हणाले, “बरोबर आहे. आमच्या आईला ती लवकरच हवी होती.” ती इतकी हसली, इतकी हसली की मला मिटून ठेवायचेही विसरली. मी तसाच उघडा पडून राहिलो. त्या दिवसापासून माझा त्यांच्यावर दात आहे.

पुढे आईची टपाल कचेरीतली नोकरी सुरू झाली आणि माझ्यावर धूळ बसू लागली. चिमटी मोठी झाली तेव्हा माझे दिवस पालटतील असे मला वाटले होते. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून तिला सगळे चिमटी म्हणतात. शाळेतून आली की ती बाबांच्या दुकानातच अभ्यासाला बसते. एका बाजूला भिंगांचे खण, दुसऱ्या बाजूला मी. शब्द अडला की हात माझ्याकडे यायला हवा की नाही? पण मान वळायची ती बाबांकडे.

“बाबा, बट म्हणजे काय?”

बाबा म्हणत, कपाळावर येते ती. ‘दे’ म्हणजे काय, तर म्हणत, काही मागताना म्हणायचं ते. चिमटी पोट धरून हसे. मग ते सावकाश खरा अर्थ सांगत, आणि चुकून तो बरोबर असे. मी तिथेच, हाताच्या अंतरावर, गप्प. माझी पाने चाळताना चिमटीला कधी हसू फुटले नाही, हे मला सलत असे. हसणे माझ्यात नव्हतेच ना!

अशात इंग्रजीच्या बाईंनी वर्गाला एक गोष्ट दिली. तळ्याकाठच्या एका म्हाताऱ्या नावाड्याची गोष्ट होती. तळे आटते, गावकरी गाव सोडून जातात, म्हातारा मात्र हलत नाही, आणि शेवटी तळे पुन्हा भरते. ती वाचून आपल्या कुटुंबाबद्दल काय वाटले ते इंग्रजीत लिहायचे होते. तळ्याला इंग्रजीत लेक म्हणतात. चिमटीने तो शब्द आधी माझ्यातच शोधला, हे मी मुद्दाम सांगतो. पण तो त्याच सोळा पानांतला. तिने दोनदा बोट फिरवले आणि बाबांना विचारले.

बाबा एका चष्म्याचा बारीक स्क्रू आवळत होते. वर न बघता म्हणाले, “लेक म्हणजे तू.”

एवढ्यात गिऱ्हाईक आले. एरवी मागाहून येणारा खरा अर्थ त्या दिवशी आलाच नाही. चिमटी पुढे वाचत गेली. बाकीचे शब्द तिने माझ्याकडून घेतले. ‘ड्राय’ म्हणजे वाळणे, असे मी सांगितले. ‘फिल’ म्हणजे भरणे, असेही मीच सांगितले. दोन्ही अर्थ अचूक होते. पण चिमटीला कळले ते असे, की म्हाताऱ्याची लेक आजाराने वाळली, सगळे त्यांना सोडून गेले, बाप तेवढा उशाशी बसून राहिला, आणि मग लेक पुन्हा अंगाने भरली. तिच्या डोळ्यांत पाणी आले. तिला स्वतःला कावीळ झाली होती तेव्हा बाबांनी दुकान बंद ठेवले होते. ते सगळे तिने मन लावून इंग्रजीत लिहिले, आणि त्यात स्वतःला ‘लेक’ म्हटले.

वर्गात तिने ते वाचले तेव्हा मी दप्तरात होतो. पहिल्यांदा कोपऱ्यातून खुसखुस ऐकू आली, मग सगळा वर्ग खदखदला. “हिचे बाबा तळ्याला औषध पाजतात,” असे कुणीतरी म्हणाले. बाईंनी वर्गाला गप्प केले, तिला खरा अर्थ सांगितला आणि निबंध सुधारून आणायला सांगितला. शनिवारी पालक येणार होते. त्यांच्यासमोर सगळ्यांनी आपापले निबंध वाचायचे होते.

घरी येताच चिमटीने दप्तर आदळले. बाबांनी काय झाले विचारले.

“तुमच्यामुळे माझं हसं झालं. शनिवारी येऊ नका तुम्ही. आई आली तरी पुरे.”

 हातातला चष्मा बाबांनी पुसला, पुन्हा पुसला. आणि मी? मित्रांनो, मला आनंद झाला. उकळ्या फुटणे म्हणतात ना, तसा. त्या दिवसापासून चिमटी प्रत्येक शब्दासाठी माझ्याकडे येऊ लागली. इतकी वर्षे ज्याची वाट पाहिली ते सगळे मिळाले. फक्त दुकानात कुणी हसेनासे झाले. बाबा गिऱ्हाइकांशीही कामापुरते बोलू लागले. आईने जेवताना विचारले, घरात कुणी आजारी आहे का? 

शुक्रवारी दुपारी दुकानात बाबा एकटेच होते. त्यांनी मला खाली घेतले. या माणसाचा हात मला पहिल्यांदाच लागत होता. आधी त्यांनी लेक शोधला. माझी उणीव त्यांच्या लक्षात आली आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मग त्यांनी माझी पाने मागे उलटली, आणि ते ‘डॉटर’ शोधू लागले.

 त्या शब्दापुढे काय छापले आहे ते मला पाठ होते. ते त्यांना मिळू नये असे मला मनापासून वाटले. सुदैवाने त्यांचे स्पेलिंग कच्चे. ते ‘डॉग’च्या आसपास शोधत राहिले. डॉक्टर सापडला, डॉल सापडली, डोअर सापडले. मी मनात म्हटले, बसा आता. पण माणूस चिवट. चष्म्याच्या खणातले भिंग काढून त्यांनी ‘डी’च्या सुरुवातीपासून एकेक ओळ तपासायला घेतली. ते पान मागच्या पानाला चिकटले होते. मी ते घट्ट धरून ठेवले. त्यांनी नखाने, चष्म्याची काच सोडवावी तितक्या हळू, ते सोडवले.

चिमटी शाळेतून आली तेव्हा मी टेबलावर उघडा होतो आणि बाबांचे बोट माझ्या एका ओळीवर होते.

“वाच,” बाबा म्हणाले.

तिने वाचले. “डॉटर. मुलगी, कन्या, लेक.”

“बघ, छापलंय. मी खोटं नव्हतं सांगितलं गं. नुसतं उलट्या बाजूनं सांगितलं.”

चिमटीने ती ओळ पुन्हा वाचली. मग तिच्या नाकातून हसू फुटले, आणि हसता हसता ती रडू लागली. निबंध सुधारायचा कसा, असे तिने विचारले. बाबा म्हणाले, लेकीचं तळं कर, बाईंचं ऐक. चिमटी म्हणाली, “मी दोन्ही लिहिणार. बाईंचा अर्थ वर, आपला खाली.” थोडे थांबून म्हणाली, “उद्या तुम्ही या. पुढच्या बाकावर बसा.”

मित्रांनो, शब्दकोश जपत जा. पाने दुमडू नका, आमच्यावर चहाचे कप ठेवू नका. आणि शब्द अडला तर आमच्याकडे जरूर या, पण घरात कुणी गमतीचा अर्थ सांगणारे असेल तर आधी त्यांना विचारा. हे म्हणताना माझी जीभ जड होते आहे. माझा हेवा काही गेलेला नाही. पण त्या दुपारी चिमटीने डोळे पुसले, दप्तर उघडले, निबंध लिहायला घेतला, तरी बाबा ते बोट माझ्यावरून उचलायला विसरले होते. आणि त्यांनी ते उचलू नये, असे मला वाटत होते.