रिकाम्या हातांचा सोमवार

सुट्टी मागायला निर्मलाला कित्येक पावसाळे लागले, आणि ती मिळाल्यावर वाटून घ्यायला घरच्यांना एक कप चहा पुरला.

टोकावड्याच्या पुढं, माळशेजच्या रस्त्याला लागून एक फार्महाऊस आहे, तिथं ती स्वयंपाकाला. मुंबईहून डोंगर चढायला माणसं येतात. त्यांना तांदळाच्या भाकऱ्या लागतात, झणझणीत पिठलं लागतं, आणि ते रांधणारी बाई रोजच्या रोज लागते. मालक म्हणायचा, निर्मला, तू तर घरचीच. घरच्या बाईला सुट्टी नसते हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण एका सकाळी तिचं डोकं फिरलं. तिनं परात उपडी घातली आणि सांगितलं, सोमवारी मी येणार नाही, चालत नसेल तर दुसरी बघा. दुसरी काही मिळेना, आणि सोमवार मिळाला.

घरी सांगितलं तेव्हा नवरा नामदेव चहा पीत होता. तो पिकअप चालवतो, भाडं नसलं की घरीच असतो. तो म्हणाला, बरं झालं, सोमवारची मोळी आणत जा. सासू बाईजा म्हणाली, वालातलं गवत काढायचं राहिलंय. कप रिकामा होईपर्यंत तिच्या सोमवारात तिच्यासाठी काही उरलं नव्हतं.

"सोमवारी मी कोंबड्यावर जाणार," निर्मला म्हणाली. "माथ्यावर. नुसतीच."

कोंबडा म्हणजे पाड्यामागचा डोंगर. माथ्यावर तुऱ्यासारखे खडक आहेत म्हणून कोंबडा. पाड्यातल्या बाया त्याच्यावर जातात त्या लाकडाला. झाडं संपतात तिथं बायांचा डोंगर संपतो. त्याच्या वर उघडा कातळ, तिथं कशाला मरायला जायचं? लग्न होऊन आल्यापासून निर्मला झाडांपर्यंत गेली होती आणि तिथूनच माघारी वळली होती. डोक्यावर मोळी असली की मान ताठ आणि नजर वाटेवर. डोंगर बघायला मान वळवायची सोय नसते.

तिला हे कधी खुपलंही नव्हतं. पण मध्यंतरी फार्महाऊसवर घाटकोपरहून हेतल नावाची एक मुलगी आली होती. भाकरी मोडता मोडता तिनं सहज विचारलं, मावशी, तुम्ही तर इथल्याच, कोंबड्यावरून कसं दिसतं हो? निर्मला म्हणाली, लय भारी. आणि मग दिवसभर तिला स्वतःचाच राग येत राहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. हिचा कळसा तर परसातच होता, आणि तो बघायला घाटकोपरची माणसं येत होती.

निर्मलाचं बोलणं ऐकून नामदेव हसला. बाईजा हसली नाही. कोंबड्यावरून रिकाम्या हातानं उतरायचं नाही, ही पाड्याची रीत. मोळी नाही तर निदान चार काटक्या, तेही नाही तर झाडूला शिंदीची पानं. रिकामा उतरला त्याची कणगी रिकामी राहते, असं म्हातारी माणसं सांगतात. आता घरात गॅस आला, तरी रीत काही गेली नाही.

"जातंस तर जा," बाईजा म्हणाली. "पन रिकामी उतरायची नाय."

"रिकामीच उतरीन," निर्मला म्हणाली.

तिला ठाऊक होतं, या घरात एकदा केलेलं काम कायमचं गळ्यात पडतं. आज एक काटकी आणली तर पुढच्या सोमवारी मोळी, आणि मग सोमवार मोळीचाच होऊन बसणार. मालकाशी भांडून मिळवलेला दिवस ती चुलीत घालायला तयार नव्हती.

सोमवारी उजाडताच ती निघाली. कोयता घरी, चुंबळही घरी. ओढ्यावर धुणं धुणारी जना ओरडली, कोयता इसरलीस गो. निर्मला म्हणाली, इसरले नाय, ठेवलाय. जना कपडा पिळायचा थांबवून तिच्याकडे बघत राहिली. दुपारपर्यंत ही बातमी पाडाभर होणार हे नक्की होतं.

चढताना हातांचं काय करावं ते तिला कळेना. हलवावे की पदरात गुंडाळावे? एखादी बाई नुसती चालली आहे, हे तिलाच चोरीसारखं वाटत होतं. मग तिला चीड आली. पिठलं खाऊन जाणारी ती माणसं हात हलवत, फोटो काढत चढतात, त्यांना नाही वाटत चोरी. तिनं हात मोकळे सोडले आणि झपाझप पावलं टाकली. झाडं संपली तिथं पाय सवयीनं अडखळले. ती थांबली नाही. कातळावरून हातापायांनी चढत ती तुऱ्यापाशी पोचली आणि धापा टाकत खाली बसली.

खरंच लय भारी होतं. समोर सह्याद्रीची उभी भिंत, खाली काळू नदीचं वळण, रस्त्यावरून घाटाकडे निघालेली लाल गाडी. फार्महाऊसचं पत्र्याचं छप्पर केवढंसं दिसत होतं. याच छपराखाली आपण निम्मं आयुष्य उभ्यानं काढलं, आणि वरून ते अंगठ्याखाली झाकलं जातं, याचं तिला हसू आलं.

मग तिनं आपलं घर शोधलं. अंगण सापडलं आणि अंगणात बाईजा. लुगड्याच्या रंगावरून ओळखू आली. बाईजा झाडत होती. निर्मलानं फडक्यातली भाकरी काढून सावकाश खाल्ली, पुन्हा बघितलं, तर ती पाणी आणत होती. मग वालात वाकलेली दिसली, मग कोंबड्या हाकताना. ऊन चांगलं वर आलं तरी ते लुगडं एका जागी म्हणून ठरलं नाही. निर्मलाच्या ध्यानात आलं. आपण जिच्यावर चिडून वर आलो, तिला कुणी कधी सोमवार दिलाच नव्हता.

उतरताना ती याच विचारात होती. झाडी लागली, सावली आली, वाट ओळखीची झाली. पाड्याच्या पाणवठ्याचं वळण आलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपला डावा हात जड झालाय. तिनं खाली बघितलं. बगलेत काटक्यांचा चांगला भारा होता, ऐनाच्या वाळक्या, एकसारख्या मोडलेल्या, वर वेलीचा पीळ देऊन बांधलेल्या. कधी वाकलो, कधी मोडल्या, कधी बांधल्या, तिला काही आठवेना.

जित्याची खोड! ती स्वतःच्या हातांवर अशी संतापली की डोळ्यांत पाणी आलं. मालकाशी भांडलो, नवऱ्याशी, सासूशी भांडलो, आणि हे दोन हात मात्र त्यांच्याच बाजूचे निघाले. वेल सोडायला गेली तर सुटेना, इतकी पक्की गाठ तिनंच मारली होती. ती दातांनी तोडली. काटक्या तिनं मूठमूठ करून ओढ्याच्या घळीत भिरकावल्या. चांगलं जळण होतं, जीव तुटत होता, तरी शेवटची काटकीसुद्धा ठेवली नाही. मग तळवे पदराला स्वच्छ पुसून ती पाड्यात शिरली.

जनानं आपलं काम चोख केलं होतं. बाया दारात उभ्या होत्या, नामदेव बाजेवर पडून मोबाईल बघत होता. बाईजा अंगणात वाल सोलत बसली होती.

"मोळी?" तिनं विचारलं.

निर्मलानं दोन्ही हात पुढं केले आणि उलटसुलट करून दाखवले. "नाय आनली. आननार पन नाय."

बाईजा त्या हातांकडे बराच वेळ बघत राहिली. आयुष्यभर मोळ्या वाहून तिच्या टाळूवरचे केस कधीच गेले होते. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि हळूच विचारलं, "वरनं काय दिसतं गो?"

"आपलं घर दिसतं, आई. तुमी दिसता."

"मी? काय करत व्हते मी?"

"काम," निर्मला म्हणाली. "लय येळ बघत बसले. तुमी येकदा पन बसला नाय."

बाईजाचा हात शेंगांवर थांबला. मग तिनं सूप बाजूला सरकवलं, भिंतीला पाठ टेकली आणि पाय लांब केले. निर्मला तिच्याशेजारी टेकली. दोघींचे हात मांडीवर रिकामे पडले होते.

"नाम्या," बाईजानं बाजेकडे न बघता हाक मारली. "चा ठेव."

नामदेव उठला. घरात गेला, भांडी वाजली, आणि थोड्या वेळानं त्यानं दारातून डोकं बाहेर काढलं. साखर कुठं हाय, म्हणून विचारलं.

"शोध," दोघी एकदमच म्हणाल्या.