पान लागलं

भर दुपारी माहेनूर धापा टाकत दारात आली, तेव्हा करुणा चहात साखर घालत होती. माहेनूर म्हणजे शेतशेजारीण गौसियाची सून. एरवी घर पेटलं तरी आधी ओढणी सावरेल अशी. आज ओढणी कुठेच नव्हती आणि चप्पल एकाच पायात होती.

"ताई, मैनावाला फोन कुठंय? कमलमावशीनं मागितलाय. शेतातल्या फोनमंदी मितवा शिरलाय म्हणतेत."

"काहून? काय झालं?"

"अम्मीला पान लागलं!"

हिंगोलीकडच्या पुसेगावच्या शिवारात 'साप चावला' असं कुणी म्हणत नाही. नाव घेतलं की तो येतो, म्हणून 'पान लागलं' म्हणायचं. आणि मैनावाला दुसरा फोन घरात नव्हताच. होता तो एकच, शेतातला, कंपनीने तिच्या आईला, कमलबाईंना, बक्षीस दिलेला, आणि त्यात मैनाच होती. हे करुणाइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं.

करुणा पुण्यात जाहिराती करणाऱ्यांकडे नोकरीला होती, दोन दिवसांच्या सुट्टीवर माहेरी आलेली. मैना आणि मितवा हे दोन कंपन्यांच्या फोनमधले बोलके मदतनीस, एकमेकांच्या उरावर बसलेले. मैनावाल्यांना अशी जाहिरात हवी होती, की एकच प्रश्न दोघांना विचारायचा आणि मितव्याची फजिती करायची. गावाकडचा एखादा अस्सल शब्द दे, असं साहेब म्हणाले. करुणाने 'पान लागलं' दिला, आणि प्रश्न विचारायला आपल्याच आईला बांधावर उभं केलं. जाहिरातीत मितवा म्हणतो, "तुमच्या जवळ पानाची चार दुकानं आहेत." मैना म्हणते, "घाबरू नका, पाय हलवू नका. मी गाडी बोलावली आहे." सगळं गाव पोट धरून हसलं. कमलबाईंना तर बाजारात लोक थांबवून बघायला लागले.

शूटिंगच्या दिवशी करुणाने दोन्ही फोनना गुपचूप विचारून पाहिलं होतं. 'साप चावला' म्हटलं की दोघंही बरोबर सांगत होते. 'पान लागलं' म्हटलं की दोघंही पानटपऱ्या दाखवत होते. उडदामाजी काळे-गोरे, निवडायचं काय! मैनाचं उत्तर पुण्यातल्या एका बाईकडून वदवून घेतलं होतं. "सुधारणा येईल पुढे," साहेब म्हणाले, आणि करुणाने तोंडाला कुलूप लावलं. आईलाही सांगितलं नाही. एवढी हरखलेली, तिच्या आनंदात विरजण कशाला घालायचं?

"किती वेळ झाला?"

"अर्धा घंटा झाला असंल. मावशी इचारूनच राहिल्या. मैनानं गाडी बोलावली की निघू म्हणल्या."

करुणाने आपल्या साध्या फोनवरून १०८ लावला. गाडी दूर होती, चाळीस मिनिटं लागणार होती. गल्लीतल्या विकासचा टेम्पो दारातच उभा होता. "विकासभाऊ, शेतावर चल, गौसियाचाचीला साप चावला!" ती ओरडली आणि तशीच वर चढली.

टेम्पो बांधापर्यंतच जात होता. पुढे कमरेएवढी हळद. करुणा धावत होती आणि पायाला लागणारं प्रत्येक पान तिला चावत होतं. तेवढ्यात आईचा आवाज ऐकू आला.

"मैना, बाई माझे, पान लागलंय गं. गाडी बोलाव की."

"तुमच्या जवळ पानाची चार दुकानं आहेत," मैना म्हणाली. किती गोड आवाज! मितव्याच्या तोंडी घातलेलं वाक्य, अक्षर न अक्षर तेच.

गौसिया निंबाला टेकून बसली होती. पायाला कमलबाईंचा रुमाल बांधलेला, पापण्या मिटत चाललेल्या. "करुणा," ती जड जिभेने म्हणाली, "मला तू दोन दोन दिसून राहिलीस."

"आणलास का दुसरा फोन?" कमलबाई ओरडल्या. "ह्याच्यात मितवाच हाय!"

"माय, दुसरा फोन न्हाई. हीच मैना हाय. जाहिरातीतलं खोटं होतं."

"खोटं कसं? माझ्याम्होरं बोलली ती!"

"तो एका बाईचा आवाज, आमी मागं लपून वाजवला होता."

"तुला ठाव होतं?"

"व्हय, माय."

कमलबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. हळदीत काहीतरी सळसळलं की माणूस जसं बघतं, तसं त्यांनी पोटच्या लेकीकडे बघितलं. मग गौसियाच्या काखेत हात घातला.

टेम्पोत माहेनूर सासूचं डोकं मांडीवर घेऊन बसली. "अम्मी, बोलत राहा," ती म्हणत होती. निम्म्या वाटेवर गौसियाचं बोलणं थांबलं, नुसती छाती हलत राहिली. करुणा त्या छातीवरून नजर काढेना. आपण नजर काढली तर ती हलायची थांबेल, अशी भीती तिला वाटत होती.

"काय झालं?" दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं.

"पान ला..." माहेनूर सुरू करणार, तोच कमलबाईंनी तिचा हात दाबला.

"साप," त्या म्हणाल्या. साठ वर्षांत पहिल्यांदा. "साप चावला, साहेब. घंट्याच्या वर झाला."

"एवढा वेळ काय करत होतात?"

"इचारत होतो," कमलबाई म्हणाल्या.

कुणाला, हे विचारायला डॉक्टरांना सवड नव्हती. गौसियाला आत नेलं, नळी घातली. चोवीस तास गेल्याशिवाय काही सांगता येत नाही, असं नर्स म्हणाली. माहेनूर दाराशीच भिंतीला धरून उभी राहिली.

बाकावर मायलेकी शेजारी बसल्या. कमलबाईंच्या हातात तो फोन अजून होता.

"ती जाहिरात अजून लागती का?"

"व्हय. रोज."

"आपल्या हिंगोलीतच?"

"न्हाई माय. सगळीकडं."

कमलबाईंनी फोन बाकावर ठेवला आणि हात पदराला पुसले.

"मंग आत्ता, ह्या टायमाला," त्या हळूच म्हणाल्या, "अजून कोन कोन बसलं असंल माझ्या भरवशावर?"