कुंडीतला रुबार्ब

त्या शुक्रवारी ग्लेंडा थ्वेटला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दारात ट्रक उभा, त्यात तीस वर्षांचा संसार भरलेला, आणि नव्या घराची किल्ली अजून हातात नाही. फाटकापाशी तिचं जुनं घर घेतलेलं तरुण जोडपं तान्ह्या लेकराला घेऊन ताटकळत होतं. क्लिथरोसारख्या एवढ्याशा गावात असला तमाशा लपतो होय? कुठल्या पडद्याआडून कोण बघतंय, ते तिला न बघताही कळत होतं.

एक घर विकायचं आणि त्याच दिवशी, त्याच पैशांत दुसरं घ्यायचं. अशा कामाला वकील कसा, हाकेला ओ देणारा हवा. ग्लेंडाला हे कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. ऑरमरॉडसाहेब मागच्याच गल्लीत राहायचे. तिच्या आईच्या मृत्युपत्राचं सगळं त्यांनीच निस्तरलं होतं, आणि फीचं विचारलं तर म्हणाले होते, "तुझ्या आईच्या हातचा केक मी किती वर्षं खाल्लाय, ते आधी मोज."

पण घरांच्या दलालानं लांबच्या शहरातला एक वकील सुचवला. विक्री-खरेदी दोन्ही एकाच ठिकाणी, सगळं फोनवर, वर दोनशे पौंडांची बचत. तिचा नवरा रॉय लगेच पाघळला. "म्हातारा अजून शाईच्या पेनानं लिहितो गं! त्याच्या नादी लागलो तर ट्रकऐवजी शववाहिनीच बोलवावी लागेल."

तिनंही मान डोलावली. इथवर ठीक होतं, वकील बदलणं हा काही गुन्हा नव्हे. पण मार्चमध्ये बोल्सच्या, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवण्याच्या खेळाच्या, क्लबात चहा घेताना ऑरमरॉडसाहेबांनी सहज विचारलं, "तुमच्या दारात विक्रीची पाटी दिसली. काही लागलं तर सांग हं." सरळ सांगून मोकळं व्हायचं की नाही? बाईंच्या तोंडून निघालं, "छे हो! नुसती किंमत काढून बघितली. रद्द केलं सगळं." गिऱ्हाईक तर मिळालेलंच होतं. खोटं उघडं पडू नये म्हणून तिनं घरी जाऊन दलालाला पाटी उपटायला लावली.

तीन आठवड्यांनी साहेब रुबार्बचा, म्हणजे त्या लाल, आंबट देठांच्या भाजीचा, गड्डा भल्यामोठ्या कुंडीत लावून घेऊन आले. "जमिनीत घालू नकोस. सध्या कुंडीतच राहू दे," म्हणाले. ते गेल्यावर रॉय हसून बेजार. "रुबार्ब आणि कुंडीत? अगं, शेंबड्या पोरालाही कळतं की तो जमिनीतच फोफावतो. चळला म्हातारा!" तीही पोट धरून हसली होती.

आणि आता दोन वाजत आले होते. जोडप्याचे पैसे दहालाच तिच्या वकिलाकडे पोचले होते. त्यानं ते पुढे नव्या घराच्या मालकाला धाडायचे, की किल्ली मिळणार. पण वकिलाच्या ऑफिसात तिचं काम बघणारी मुलगी रजेवर, आणि फोनवर सकाळपासून नुसती 'थांबा'ची पिपाणी वाजत होती. तीननंतर पैसे जाणार नव्हते. मग शनिवार, रविवार कुठे काढायचे, ट्रकमध्ये? शेवटी त्या तरुणानं वैतागून आपल्या वकिलाला बोलावलं.

कोपऱ्यावरून काखेत फाइल मारून आले ते ऑरमरॉडसाहेब!

त्यांचं ऑफिस गेल्या वर्षी प्रेस्टनच्या एका बड्या फर्मनं गिळलं होतं. कागदांवर त्या फर्मचं नाव असायचं, म्हणून ग्लेंडाला पत्ता लागला नव्हता. साहेबांच्या टेबलावर मात्र चार महिने तिचंच नाव. आणि दर शनिवारी ती त्यांना चहा ओतून देत होती, वर म्हणत होती, "आम्ही कुठे जातोय हे गाव सोडून!"

"ग्लेंडा, मी यांचा वकील," ते म्हणाले. "तुझ्या वतीनं मला फोन करता येत नाही. पण तुझ्या वकिलाच्या ऑफिसातला थेट नंबर देतो." शाईच्या पेनानं त्यांनी चिठ्ठीवर तो लिहिला. "वकिलाला मागू नकोस, पैसे धाडणाऱ्या माणसांना मागायचं. आणि पैसे निघाले असं कानानं ऐकल्याशिवाय फोन ठेवायचा नाही."

दोन चाळीसला पैसे गेले. रॉय बोटानं ट्रकवरची धूळ पुसत उभा.

"साहेब," ती कशीबशी म्हणाली, "मी तुमच्याशी खोटं बोलले."

"हो," ते म्हणाले.

रागावले असते तर बरं झालं असतं. तेवढ्यात ट्रकवाल्यानं हाक मारली, "बाई, ही कुंडी राहिली ना!"

ऑरमरॉडसाहेबांनी वाकून पानं चाचपली. "तिकडच्या बागेत ऊन येतं का?"

"येतं."

"मग आता लाव जमिनीत."

ग्लेंडानं कुंडी ट्रकमध्ये चढवू दिली नाही. गाडीत मांडीवर घेऊन बसली. नव्या घरापर्यंत रॉय काहीबाही बोलत होता, पण तिची मान काही वर झाली नाही.