पांढरी, जांभळी, पिवळी

तायमी कोस्केलाचा थायरॉइड जवळजवळ बंद पडलाय असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तिला चक्क हसू आलं.

"हसताय काय?" डॉक्टर नीमी म्हणाले.

"म्हणजे हे माझ्या जिभेचं काम नव्हतं तर! सत्तावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात आहे मी, डॉक्टर. पोरांच्या ताटातलं अर्धं मीच गिळते असं अख्ख्या गावाला वाटतं."

खरं तर ती तपासणी तिच्यासाठी नव्हतीच. तिच्या धाकट्या भावाची, आर्वोची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. दोन वर्षं तो आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खुर्चीत बसत होता. सुया टोचायला हाताच्या शिरेत केलेली वाट दोनदा बुजली होती आणि तिसरी किती दिवस टिकेल हे कोणी सांगत नव्हतं. तायमीचं रक्त त्याच्याशी जुळलं, तेव्हा दोघांनी मिळून निम्मा केक संपवला. मग प्रत्यारोपण केंद्रातून मार्लिसचा फोन आला. दात्यांची सगळी व्यवस्था ती बघत असे. तायमीच्या उंचीला वजनाची मर्यादा एकशे सत्त्याण्णव पौंड होती आणि तायमी होती दोनशे एकवीस. "चोवीस पौंड उतरवा," मार्लिस म्हणाली, "मग पुढचं आम्ही बघतो."

आणि आता या चोवीस पौंडांचा चोर सापडला होता. गळ्यातच दडून बसला होता लेकाचा.

"गोळीनं थकवा जाईल, सूज उतरेल," डॉक्टर म्हणाले. "पण वजनावर फार भिस्त ठेवू नका. थायरॉइडमुळे चढतं ते बहुतेक मीठ नि पाणी. पाच-दहा पौंड, फार तर."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं तुमचं."

तायमीनं पहिलंच वाक्य घरी नेलं.

सुरुवातीला पांढरी गोळी मिळाली, पन्नास मायक्रोग्रॅमची. उपाशीपोटी, कॉफीच्या तासभर आधी. कॉफीसाठी तासभर थांबायचं म्हणजे कॉफीवर जगणाऱ्या त्या गावात उपासच, पण तायमीनं तोही पाळला. सहा आठवड्यांनी रक्त तपासून डॉक्टरांनी पंचाहत्तरची जांभळी दिली, मग शंभरची पिवळी. प्रत्येक बाटली नव्वद दिवसांची, त्यामुळे आधीच्या दोन्ही निम्म्या उरल्या. कोस्केलांच्या घरात काही टाकून द्यायची रीत नव्हती. वडिलांनी ठोकून सरळ केलेले खिळे अजून डब्यात होते. बाटल्या फळीवर एका ओळीत राहिल्या.

तिचा चेहरा उतरला, आवाजातली घरघर गेली, दुपारी पिठाच्या पोत्याला टेकून डुलक्या घेणं थांबलं. काटा दोनशे बारावर आला आणि तिथंच खिळला. ती उकडलेले बीट आणि मासे खाऊन राहिली, बर्फातून रोज चालली. दोनशे बारा.

"रक्त अगदी नॉर्मल आलंय," डॉक्टर खुशीत म्हणाले.

"मग मी का नाही?"

"थायरॉइडनं जेवढं द्यायचं तेवढं दिलं, तायमी. आता इतर उपाय बघू. वर्षभरात..."

"वर्षभर आर्वोचा हात थांबेल का?"

डॉक्टरांनी चिठ्ठीवर पुन्हा एक पिवळीच लिहून दिली.

त्या रात्री तिनं साधा हिशेब मांडला. एका गोळीनं नऊ पौंड गेले, तर आणखी गोळ्यांनी आणखी जातील. दुसऱ्या दिवशी पिवळीबरोबर तिनं पांढरी घेतली. आठवड्यानं जांभळीही.

आणि काटा हलला! दोनशे आठ. दोनशे चार. दोनशे. तायमीचा जीव भांड्यात पडला. हात थरथरायचे, सूप वाढताना पळीतून सांडायचं. छातीत चिमणी कोंडल्यासारखं फडफडायचं. बसक्या बाकावरून उठताना मांड्या लटपटायच्या, कारण उतरणाऱ्या वजनात मांसही होतं. ते काट्यावर दिसत नाही. काटा सगळ्याला पौंडच म्हणतो.

फेब्रुवारीतल्या शेवटच्या तपासणीच्या सकाळी ती एकशे नव्व्याण्णव होती.

"सौना तापव," तिनं आर्वोला सांगितलं.

"मंगळवारी? सकाळी सहाला? सौना शनिवारी संध्याकाळी घ्यायचा असतो. देव कोपेल."

"दोन पौंडांचा घाम काढायचाय मला."

आर्वोनं अंगणातल्या त्या घामाच्या खोलीत बर्चची लाकडं रचून दगडांखालची भट्टी पेटवली. लघवी बंद झाल्यापासून घाम हीच त्याच्या अंगातलं पाणी बाहेर जायची वाट होती, त्यामुळे सौनाचं त्याला पक्कं ठाऊक. ती आत फळीवर बसली आणि तो बाहेरच्या खोलीत टॉवेल घेऊन थांबला.

"जिवंत आहेस ना?" तो दाराआडून ओरडला.

"दगडांवर अजून पाणी टाकतेय."

"पुरे, म्हातारे! मला मूत्रपिंड हवंय, भाजलेली बहीण नको."

"ते आतमध्ये गारच असतं, मूर्खा."

तो बराच वेळ हसला. मग हळूच म्हणाला, "तायमी, नाही जमलं तरी चालेल मला."

"मला नाही चालणार," ती आतून म्हणाली. भिंतीला धरून ती उठली, पण डोळ्यांपुढं अंधारी आली हे तिनं त्याला सांगितलं नाही.

साडेतीन तासांच्या वाटेत तिनं पाण्याचा घोट घेतला नाही. केंद्रातल्या काट्यावर पाय ठेवताना तिनं कानांतल्या कुड्यासुद्धा काढल्या. एकशे साडेशहाण्णव.

"वा, तायमी!" मार्लिसनं टाळी वाजवली. आर्वोनं टोपी काढून तोंडावर धरली.

मग मार्लिसनं तिच्या बोटाला नाडी मोजायचा चिमटा लावला. आकडा एकशे बेचाळीस, मग एकशे सतरा, मग एकशे एकोणसाठ. मार्लिसनं चिमटा बदलला. मग स्वतःची बोटं तिच्या मनगटावर ठेवली आणि तिचं हसू मावळलं. छातीला तारा चिकटल्या. कागदावरचे ठोके लहान पोरानं ओढलेल्या कुंपणासारखे येत होते, दोन जवळ, एक लांब.

"तायमी, थायरॉइडची गोळी किती घेता?"

तिनं आर्वोकडे पाहिलं. "तिन्ही," ती म्हणाली.

"तिन्ही म्हणजे?"

"पांढरी, जांभळी, पिवळी."

आर्वो टोपी हातात धरून उभाच राहिला.

"आजपासून बंद करते," तायमी घाईनं म्हणाली. "मग ठोके सरळ होतील ना?"

"होतीलही," मार्लिस म्हणाली. "पण दाते ठरवणाऱ्या समितीला मी आता काय सांगू?"

तीन आठवड्यांनी पत्र आलं. दाता म्हणून तायमीचं नाव कायमचं काढलं होतं. कारणं दोन दिली होती, हृदयाची लय आणि लपवून घेतलेलं औषध. वजनाचा उल्लेखच नव्हता.

एप्रिलपर्यंत पुन्हा एकच पिवळी, शिवाय हृदयाची एक आणि रक्त पातळ ठेवायची एक. ठोके सुधारले, पूर्ण नाही. काटा दोनशे चौदा. आर्वोच्या हातातली तिसरी वाटही बुजली आणि नळी आता मानेजवळून घातली होती.

सोमवारी ती त्याला डायलिसिसला घेऊन गेली. तिथं येणाऱ्या प्रत्येकाचं आधी वजन करतात, म्हणजे किती पाणी काढायचं ते कळतं. मानेतल्या नळीला धक्का लागू नये म्हणून तिनंच हळूहळू त्याचा जाड कोट उतरवला. तो काट्यावर चढला.

"शुक्रवारपासून सहा पौंड जास्त," नर्स म्हणाली. "चार तासांत काढू."

"बघ," आर्वो तायमीला म्हणाला, "इथं किती सोपं आहे."

ती हसली नाही. तोही हसला नाही. नर्सनं त्याला खुर्चीकडे नेलं. तायमी त्याचा कोट पोटाशी धरून काट्याशेजारी उभी राहिली, कारण सोबत आलेल्यांना चार तास बसायला तिथं खुर्ची नव्हती.