फळ्यावर न मावलेलं गाव

मी एक विषय बोलतोय. बी.ए.ला असतो तो, समाजशास्त्र. नाव ऐकून हसू आलं असेल तर हसून घ्या, मला सवय आहे. राग मात्र अजूनही येतो, तो मी लपवणार नाही.

माझा जन्म विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाच्या बैठकीत झाला. मोठ्या माणसांनी चहा पीत पीत माझी सत्रांत वाटणी केली. कुटुंब, जात, ग्रामीण समाज असं सगळं माझ्या पोटात घातलं आणि मला बुलढाणा जिल्ह्यातल्या एका लहानशा कॉलेजात धाडून दिलं. इथं पोरं मला का घेतात? तर मला प्रॅक्टिकल नाही, आणि माझा तास संपला की डोणगावकडची एसटी मिळते. शिकवायला सुचिता मॅडम आहेत, त्याही तासिकेवर, म्हणजे घेतील तेवढ्याच तासांचे पैसे.

यंदा प्राचार्यांनी ठरवलं, की पोरं कमी येतात, तर पुढच्या सत्रापासून हा विषय बंद. वर म्हणाले, तो शिकून कुणाचं काय भलं होतं? माझं डोकंच फिरलं.

त्याच आठवड्यात मॅडमनी वर्गाला आपापल्या गावाचा नकाशा काढायला सांगितलं. मोठ्या शेतकऱ्याघरचा गजेंद्र पुढं झाला. त्यानं फळाभर गाव काढलं. मारुतीचं देऊळ, शाळा, ग्रामपंचायत, आणि स्वतःच्या घराला चांगले दोन मजले. शेवटी काठाशी नाला काढून त्यानं खडू ठेवला. धम्मशीला त्याच गावची. काही राहिलंय का, असं मॅडमनी तिला विचारलं. तिनं नकाशा नीट पाहिला आणि काहीच राहिलं नाही म्हणाली.

"आणि तुझं घर?" मॅडम म्हणाल्या.

"आमचं नाल्याच्या पल्याड हाय, मॅडम. आमी किराण्याले गावात येतो ना..."

बोलता बोलता ती थांबली. नाल्यापलीकडं बौद्धांची वस्ती आहे. ग्रामपंचायत तीच, पत्त्यावर गावाचं नावही तेच. तरी वस्तीतलं माणूस चपला घालताना 'गावात जाऊन येतो' म्हणतं. तिची आजीही तेच म्हणायची. मॅडमनी एवढंच विचारलं, की मग तू राहतेस कुठं?

तिनं पुन्हा फळ्याकडं पाहिलं. गजेंद्रचे कान लाल झाले. आपण मुद्दाम सोडलं नाही, घरी सगळे असंच बोलतात, असं तो म्हणाला. पोरगा खरंच बोलत होता. अरे, त्या 'मुद्दाम नाही'साठीच तर मी आहे! भूगोल तुम्हाला नाला दाखवेल. आपल्याच गावात राहून माणसं 'गावात जातो' का म्हणतात, हे विचारायला मीच लागतो. आणि म्हणे, कुणाचं काय भलं होतं!

धम्मशीला उठली. तिनं खडू घेतला आणि नाल्यापुढं काढायला लागली. तिथं फळा संपत होता. ती थांबली नाही. विहार, हापशी, शेजारपाजार आणि आपलं घर तिनं सरळ भिंतीवर काढलं. मला इतका आनंद विद्यापीठातही कधी झाला नव्हता.

तेवढ्यात प्राचार्य फेरी मारत आले. भिंत कुणी खराब केली, म्हणून गरजले. मॅडम सांगणार होत्या, पण त्याआधी वर्षभर गप्प बसणारी ती पोरगी बोलली.

"म्या काढलं, सर. फळ्यावर आमच्यासाठी जागाच नव्हती ठेवली."

प्राचार्य पुंजाजी शिपायाला ओला फडका आणायला सांगून निघून गेले. पुंजाजी फडका घेऊन आला, नकाशासमोर थांबला, आणि फडका खिडकीत वाळत घालून गेला.

मला बंद करायचा कागद तयार होतोय, मला ठाऊक आहे. मी कुणाच्या हातापाया पडणार नाही. कुलूप खुशाल लावा. पण सर, तुम्ही त्या दिवशी नुसता फडका मागवून निघून गेलात. आधी त्या पोरीला उत्तर द्या.